‘महिला हृदय तपासणी’ पॅकेज : गोव्यातील एका रुग्णालयातील सेवेचे परीक्षण

फोंडा परिसरातील एका खासगी रुग्णालयाने ‘महिला हृदय तपासणी’ या नावाचे स्वतंत्र पॅकेज सुरू केले असून, औषधांच्या दुकानांपासून देवळाच्या सभागृहात भरणाऱ्या आरोग्य शिबिरांपर्यंत त्याची माहितीपत्रके वाटली जात आहेत. सात-आठ हजार रुपयांच्या आसपास किंमत असलेल्या या पॅकेजमध्ये ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), छातीचा एक्स-रे, लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्राम, मॅमोग्राफी आणि पॅप स्मिअर या तपासण्या असून शेवटी हृदयरोगतज्ज्ञांचा व आहारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. डिचोलीला राहणाऱ्या, मधुमेह असलेल्या आणि नुकतीच साठी ओलांडलेल्या माझ्या थोरल्या वहिनींची ही तपासणी करून घेताना मी दिवसभर त्यांच्यासोबत होते. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे उणे वाटले ते अशा प्रकारच्या कोणत्याही पॅकेजमध्ये आढळू शकते आणि वाचकांनी ते आपापल्या ठिकाणी तपासून पाहावे, हाच या लेखनाचा हेतू आहे.

पहिला प्रश्न साहजिकच हा, की स्त्रियांसाठी वेगळे पॅकेज हवेच कशाला. रुग्णालयाच्या पुरुषांच्या पॅकेजचे पत्रक शेजारीच ठेवले होते. दोन्ही पत्रके समोरासमोर धरून वाचली असता, पुरुषांच्या यादीतील प्रोस्टेटची रक्ततपासणी वगळून त्या जागी मॅमोग्राफी व पॅप स्मिअर घातल्याचे दिसले; हृदयाच्या तपासण्या मात्र शब्दशः त्याच होत्या. मॅमोग्राफी आणि पॅप स्मिअर या स्त्रियांसाठी अत्यंत आवश्यक तपासण्या आहेत, परंतु त्या कर्करोगाच्या आहेत. म्हणजे ‘महिला हृदय’ या नावातील ‘महिला’ एकीकडे राहिली आणि ‘हृदय’ दुसरीकडे. दोन्हींचा संबंध कुठे जुळतो, याचा विचार पत्रक छापणाऱ्याने केलेला नाही.

तो विचार करण्याजोगे बरेच काही वैद्यकशास्त्राने पुढे आणलेले आहे. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात स्त्रियांना पहिला हृदयविकाराचा झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षे उशिरा येतो, असे आढळले. पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात संरक्षण मिळते आणि पाळी गेल्यावर ते ओसरते, हे या उशिराचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. मात्र या नऊ वर्षांचा आपल्याकडे फार चुकीचा अर्थ लावला जातो. उशिरा येणारा आजार हा कमी येणारा किंवा सौम्य आजार आहे, अशी समजूत घराघरांत आहे, आणि त्यामुळे पन्नाशीच्या पुरुषाला धाप लागली तर त्याला लगेच डॉक्टरकडे नेले जाते, तर साठीच्या बाईला धाप लागली की ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. शिवाय मधुमेह असेल तर हे संरक्षण बरेचसे निष्प्रभ ठरते. मधुमेहामुळे हृदयविकाराची जोखीम पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक पटीने वाढते, आणि धूम्रपानाच्या बाबतीतही असाच फरक दिसतो.

सकाळी सातच्या सुमारास नोंदणी झाली. व्यवस्था चोख होती, आणि हे मी मनापासून लिहिते. रक्त घेणारी मुलगी कुशल होती, ईसीजी व इकोच्या खोलीत महिला तंत्रज्ञ होत्या, पडदे व्यवस्थित ओढलेले होते, आणि अंगावर घ्यायला दिलेला सुती अंगरखा स्वच्छ होता. गावाकडच्या अनेक बायका केवळ परक्या पुरुषासमोर छाती उघडी करावी लागेल या संकोचाने ईसीजी टाळतात. त्यांच्यासाठी ही व्यवस्था फार मोठी आहे आणि तिचे श्रेय रुग्णालयाला द्यायलाच हवे.

अडचण अर्जापासून सुरू झाली. दोन पानी अर्जात ‘छातीत दुखते का?’ असा प्रश्न आणि त्यापुढे ‘होय’ व ‘नाही’ असे दोन चौकोन होते. वहिनींनी क्षणाचाही विचार न करता ‘नाही’वर खूण केली. मी त्यांना विचारले, “वहिनी, देवळाच्या पायऱ्या चढताना तुम्ही मध्येच थांबता, ते का?” त्यावर त्या म्हणाल्या, “ते दुखणे नव्हे गो. गळ्याशी आवळल्यासारखे होते, पाठीत मधोमध जड वाटते आणि दम लागतो. थोडे बसले की जाते.” श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे हे आवळणे म्हणजे अंजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या त्रासाचे, अगदी ओळखीचे वर्णन आहे, मात्र अर्जावर त्याला जागा नव्हती आणि परिचारिकेने ‘नाही’ची खूण पाहून अर्ज पुढे सरकवला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. स्त्रियांना झटका आला तर छातीत दुखतच नाही, असे हल्ली समाजमाध्यमांवर सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. स्त्रियांमध्येही छातीतील वेदना किंवा दडपण हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. फरक असा, की त्याच्या जोडीला धाप, मळमळ, विलक्षण थकवा आणि जबडा, मान, पाठ किंवा खांद्यांतील दुखणे ही लक्षणे त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक वेळा असतात. कधी कधी हीच पुढे येतात आणि छातीतले दडपण मागे पडते, विशेषतः मधुमेही स्त्रीमध्ये. दुसरे म्हणजे दडपण, जळजळ, आवळणे यांना आपल्या बायका ‘दुखणे’ म्हणतच नाहीत. अर्जात एकाऐवजी तीन-चार प्रश्न असते, म्हणजे चढ चढताना काय होते, घरातली कामे पूर्वीइतकी होतात का, थांबल्यावर बरे वाटते का, असे विचारले असते तर नऊवारीतल्या आजीपासून शिक्षिकेपर्यंत कोणीही नेमके उत्तर दिले असते. त्यासाठी कुठले यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

त्याच अर्जात गर्भारपणाविषयी एकही प्रश्न नव्हता, आणि माझ्या मते या पॅकेजची सर्वांत मोठी उणीव ती आहे. गर्भारपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल, तर त्या स्त्रीला पुढील आयुष्यात हृदयविकार होण्याची शक्यता साधारणपणे दुप्पट होते. गर्भारपणातला मधुमेह, मुदतीपूर्वीची प्रसूती, चाळिशीच्या आत गेलेली पाळी, पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनविकार), ल्युपस किंवा संधिवातासारखे स्वप्रतिकार आजार, स्तनाच्या कर्करोगासाठी छातीला दिलेले किरणोपचार या सर्वांची नोंद हृदयाच्या जोखमीत व्हायला हवी. यांतील बऱ्याच गोष्टी पुरुषाला लागूच होत नाहीत, म्हणून पुरुषांसाठी बनवलेल्या अर्जात त्या नसणे समजण्यासारखे आहे. परंतु ‘महिला’ असे नाव देऊन वेगळे पैसे घेणाऱ्या सेवेत त्या नसाव्यात, हे पटत नाही.

सुदैवाने दुपारी भेटलेल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी हे प्रश्न स्वतःहून विचारले. “बाळंतपणे किती झाली, त्यांत काही त्रास झाला होता का,” असे त्यांनी विचारताच वहिनी थोड्या गोंधळल्या, कारण हृदयाच्या डॉक्टरांना बाळंतपणाशी काय कर्तव्य, असे त्यांना वाटले असावे. मग धाकट्या मुलाच्या वेळी शेवटच्या महिन्यांत पायांवर आणि चेहऱ्यावर सूज आली होती, रक्तदाब फार वाढल्याने मडगावच्या हॉस्पिसियोत दाखल केले होते आणि बाळ महिनाभर आधी झाले होते, असे सगळे त्यांनी सांगितले. बाळ सुखरूप झाले, रक्तदाब उतरला आणि विषय संपला, असेच घरातल्या सर्वांनी धरले होते. डॉक्टरांनी ते जाड अक्षरांत कागदावर लिहून घेतले आणि मधुमेहाच्या जोडीला ही नोंदही कायम फाइलमध्ये राहू द्या, असे बजावले. संपूर्ण दिवसात वहिनींच्या प्रकृतीविषयी नवीन कळलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती, आणि ती कळली ते त्या डॉक्टरांच्या दक्षतेमुळे. त्यांच्या जागी त्या दिवशी दुसरे कोणी असते तर पॅकेजने ती विचारली नसती.

रक्ताच्या तपासण्यांविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही. अहवाल दुपारपर्यंत मिळाले आणि नीट छापलेले होते. एचडीएल या ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलसाठी मात्र सर्वांना ४० मिलिग्रॅम हीच एक मर्यादा दिली होती, वास्तविक स्त्रियांसाठी ५० ही मर्यादा धरली जाते, त्यामुळे ४४ आकडा असलेल्या बाईला अहवाल ‘सामान्य’ म्हणून दिलासा देतो. वजन व उंची मोजली, कंबर मोजली नाही. भारतीय स्त्रियांमध्ये कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे आणि पुरुषांमध्ये ९० च्या पुढे गेली की पोटावरची चरबी धोक्याची मानतात, आणि वजनाच्या आकड्यात न दिसणारी ही चरबी साध्या टेपने कळते. मॅमोग्राफीच्या बाबतीतही एक संधी वाया गेली असे वाटते, कारण त्या चित्रात स्तनाच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम साचलेले दिसले तर त्याचा हृदयविकाराच्या जोखमीशी संबंध असल्याचे संशोधनातून पुढे आले आहे. अहवालात त्याचा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढा उल्लेख केला असता तरी या दोन तपासण्या एका पॅकेजमध्ये ठेवण्यास अर्थ आला असता.

टीएमटीविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पॅकेज घेणाऱ्यांचा भरवसा सर्वाधिक याच तपासणीवर असतो. ब्रूस पद्धतीत पहिली तीन मिनिटे पट्टा ताशी २.७ किलोमीटरने आणि दहा टक्के चढावर चालतो, पुढील तीन मिनिटांत वेग ४ किलोमीटर आणि चढ बारा टक्के होतो, आणि याच क्रमाने तो वाढत जातो. वहिनींना आदल्या दिवशी सलवार-कमीज घालून या, असे कोणी सांगितले नव्हते. त्या साडी नेसून आलेल्या. निऱ्या वर खोचून, अनवाणी पायांनी, समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या चालू लागल्या, आणि दुसरा टप्पा लागताच गुडघ्याच्या दुखण्याने त्यांची पावले अडखळू लागली. त्यांच्या वयाला नाडी मिनिटाला १३४ च्या आसपास पोहोचायला हवी होती. ती त्याच्या बऱ्याच अलीकडे असताना तंत्रज्ञांनी यंत्र थांबवले, आणि ते योग्यच केले. अहवालात ‘अनिर्णायक’ असा शेरा आला. स्वागतकक्षातील तरुणाने मात्र तो कागद पाहून “काही निघाले नाही, मावशी, सगळे ठीक आहे,” असे सांगितले. ‘काही निघाले नाही’ आणि ‘तपासणीच पूर्ण झाली नाही’ यांतील अंतर जिवावर बेतू शकते, म्हणून अहवाल समजावून देण्याचे काम डॉक्टरांखेरीज अन्य कोणाकडे असू नये.

नेमकी चालली तरीही ही तपासणी स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांइतकी विश्वासार्ह ठरत नाही. अडथळा नसतानाही ईसीजीत बदल दिसणे स्त्रियांमध्ये अधिक घडते, त्यामुळे काहींना विनाकारण धास्ती आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च सोसावा लागतो. उलट गुडघेदुखी, स्थूलता किंवा व्यायामाची सवय नसल्याने पुरेसा श्रम न झालेल्यांचा आजार लपून राहतो. याचा अर्थ टीएमटी निरुपयोगी आहे असा नव्हे. ज्या बाईचा मूळ ईसीजी ठीक आहे आणि जी चांगली चालू शकते, तिने पुरेसा वेळ चालून तपासणी निर्दोष आली तर तो खरा दिलासा असतो. जिला चालणे झेपत नाही आणि लक्षणे आहेत, तिच्यासाठी औषधाने हृदयावर ताण आणून केलेला स्ट्रेस इको किंवा हृदयाच्या धमन्यांचे चित्र घेणारी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी हे पर्याय डॉक्टर निवडू शकतात. आणि जिला काहीच लक्षणे नाहीत, जोखीमही कमी आहे, तिला टीएमटीची गरजच नाही. रुग्णालयाने ती सरसकट सर्वांच्या माथी मारू नये. वहिनींना डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफीचा सल्ला दिला. तिचे पैसे अर्थातच वेगळे.

माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला ‘ब्लॉकेज नाही, तर चिंता नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. स्त्रियांसाठीच्या पत्रकावर याहून अयोग्य वाक्य दुसरे सापडणार नाही. छातीत दुखते म्हणून अँजिओग्राफी केली आणि मोठ्या धमन्यांत लक्षणीय अडथळा आढळला नाही, असे पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये बरेच अधिक घडते. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘वाइज’ या अभ्यासाने अशा स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्यातील अनेकींच्या हृदयातील अतिशय बारीक रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे रुंदावत नसल्याचे दिसले; या वाहिन्या नेहमीच्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. अशा स्त्रियांना पुढे झटका येण्याचे व हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण निरोगी स्त्रियांपेक्षा जास्त असते. तरीही ‘मनाचे आहे’, ‘ॲसिडिटी आहे’ असे सांगून त्यांची बोळवण होते. धमनीचा आतला पदर अचानक फाटून होणारा अडथळाही प्रामुख्याने स्त्रियांतच आढळतो. पन्नाशीच्या आतल्या, कोलेस्टेरॉल व रक्तदाब उत्तम असलेल्या बाईला, कधी बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, तो गाठतो, आणि कुठलेही पॅकेज त्याचा अंदाज देऊ शकत नाही. मोठ्या मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा एकाएकी कमकुवत होणारा ताकोत्सुबो हा विकारही मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन केले. एवढे सगळे पत्रकात मावणार नाही, हे मान्य. पण खोटा दिलासा देणारे वाक्य तरी काढून टाकता येईल.

डॉक्टरांचा सल्ला हा या पॅकेजचा सर्वांत उत्तम भाग होता. त्यांनी घाई केली नाही, अहवाल एकेक करून मराठीतून समजावले, रक्तदाब दोन्ही हातांवर पुन्हा मोजला आणि मधुमेह असल्याने स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू करण्याचे कारण सांगितले. वहिनींच्या बहिणीला कोणीतरी हृदय सांभाळायला पाळीनंतरच्या हार्मोनच्या गोळ्या घ्यायला सुचवले होते. त्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की पाळी जातानाचा त्रास कमी करण्यासाठी त्या दिल्या जातात, हृदयविकार टाळण्यासाठी म्हणून देत नाहीत. रोज ॲस्पिरिन घेण्याविषयीही त्यांनी सावध केले, कारण आजार सिद्ध झालेला नसताना त्यातून रक्तस्रावाचा धोका पदरात पडतो.

आहारतज्ज्ञांचा भाग मात्र निराशाजनक होता. छापील कागदावर ओट्स, ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोली असे लिहिलेले होते, आणि ज्या घरात दुपारी उकड्या तांदळाचा भात, हुमण आणि तोंडी लावायला काहीतरी खारे असते त्या घराविषयी एक अक्षरही नव्हते. बांगडा आणि तारली हे मासे हृदयाला चांगले, मात्र तेलात तळून रोज नकोत. आमटीतल्या नारळाचे प्रमाण कमी करता येते. खारवलेले मासे, पापड, लोणची यांतले मीठ रक्तदाबाला बाधते. एवढे चार शब्द सांगितले असते तर वहिनींनी ते दुसऱ्या दिवसापासून पाळले असते. रांधणारी बाई स्वतः सगळ्यांचे जेवण झाल्यावर, उरलेसुरले, अवेळी जेवते, हाही विषय आहारतज्ज्ञांनी काढायला हवा होता.

निघताना रुग्णालयाने आपल्या तातडीच्या क्रमांकाचे कार्ड दिले. त्यावर रुग्णवाहिकेच्या १०८ चा उल्लेख असायला हवा होता, कारण गोव्यात कुठूनही प्रथम तोच क्रमांक फिरवायचा असतो. राज्य शासनाच्या स्टेमी (गुठळीने धमनी बंद होऊन येणारा तीव्र झटका) प्रकल्पाखाली गावाजवळच्या सरकारी केंद्रात काढलेला ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवून, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथेच देण्याची आणि रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) हलवण्याची सोय आहे. डिचोली, पेडणे, काणकोण अशा ठिकाणांहून हा मिळालेला वेळ मोलाचा असतो. स्त्रियांच्या बाबतीत तो वेळ घरातच जातो. नवरा येऊ दे, जेवणे उरकू देत, सकाळी बघू, असे म्हणत त्या स्वतःच थांबतात. इस्पितळात पोहोचल्यावरही ट्रोपोनिनच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या, तपासणीत फरक असतो. अतिसंवेदनशील चाचणीत स्त्रियांची सामान्य मर्यादा पुरुषांपेक्षा कमी असते. प्रचलित असलेल्या एका चाचणीत पुरुषांसाठी ३४ आणि स्त्रियांसाठी १६ नॅनोग्रॅम प्रति लिटर अशी ती आहे, म्हणून आपल्या बाईचा आकडा कोणत्या मर्यादेशी ताडला, हे नातेवाइकांनी विचारायला हरकत नाही.

पैशांच्या मानाने हे पॅकेज घ्यावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर बाईगणिक वेगळे आहे. पस्तिशी-चाळिशीतल्या, कोणताही त्रास नसलेल्या स्त्रीने ते घेऊ नये. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घेतले आणि बाळंतपणातल्या त्रासाची माहिती डॉक्टरांना दिली, की तिचे काम भागते. पाळी गेलेली, मधुमेही किंवा उच्च रक्तदाब असलेली स्त्री असेल, आणि चढताना तिला पूर्वीपेक्षा लवकर थांबावे लागत असेल, तर तिने पॅकेज न घेता थेट हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी, कारण तिला कोणती तपासणी हवी हे आधी तज्ज्ञांनी ठरवायचे असते आणि पॅकेजमध्ये तज्ज्ञ सर्वांत शेवटी भेटतात. मधल्या गटातील, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या आणि बरीच वर्षे कुठलीच तपासणी न केलेल्या स्त्रियांना मात्र एका दिवसात, एका छताखाली, महिला कर्मचाऱ्यांकडून होणारी ही सेवा सोयीची आहे. त्यांनी सलवार-कमीज व चालण्याचे बूट घालून जावे, जुन्या बाळंतपणाचे कागद असतील तर सोबत न्यावेत आणि हृदयरोगतज्ज्ञ त्या दिवशी स्वतः हजर असल्याची खात्री नोंदणी करतानाच करून घ्यावी. अर्जातील त्रुटींविषयी मी रुग्णालयाला लेखी कळवले असून, व्यवस्थापनाने पुढील छपाईत गर्भारपणाचा रकाना घालण्याचे मान्य केले आहे. ‘ब्लॉकेज नाही, तर चिंता नाही’ या वाक्याविषयी त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.